विमलताईंना गाडी लागते

बोरी अरबमध्ये विमलताई गावंडे यांच्याविषयी दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, त्यांच्यासारखी पाटवडी आसपासच्या चार गावांत कोणाला जमत नाही. दुसरी, त्यांना गाडी लागते. यातली पहिली गोष्ट अगदी खरी होती.

गाडी पुष्कळ बायकांना लागते, त्यात गावानं लक्षात ठेवावं असं काही नाही. पण विमलताईंचे यजमान पंजाबराव हे एसटीचे ड्रायव्हर, दारव्हा डेपोत अडतीस वर्षं काढलेले. मांडीवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी डुचमळणार नाही अशी गाडी चालवतो, ही त्यांची ऐट. आणि नेमकी त्यांचीच बायको शेगाव म्हणू नका, चिखलदरा म्हणू नका, कुठंही न्यायची म्हटलं की पदर तोंडाला लावून सांगणार, "मले गाडी लागते."

डेपोतले लोक असलं काही सोडतात का? "पंजाबराव, पब्लिकले झोप लागते तुमच्या गाडीत, मंग वैनीलेच काहून असं होते?" म्हणून रोज कोणीतरी खोडी काढायचं. पंजाबराव वरून हसायचे, पण आत कुठंतरी ते टोचायचं. बायकोला त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त ती गाडीत असली की ब्रेक असा दाबायचे, जसा काही पायाखाली ब्रेक नसून झोपलेलं लेकरू आहे.

खरी गोष्ट एकट्या विमलताईंना ठाऊक होती. त्यांना गाडी कधीच लागली नव्हती.

झालं होतं असं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासू-सासऱ्यांबरोबर त्या माहूरला निघाल्या. गाडी पंजाबरावांचीच. निघण्याआधी सासऱ्यांनी नव्या सुनेचं कौतुक म्हणून उसाचा रस पाजला, एक नाही, दोन ग्लास. आर्णी मागं पडली आणि त्या दोन ग्लासांनी आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला सासू, पुढं स्टेअरिंगवर नवरा, आणि कंडक्टर म्हणजे नवऱ्याचा दोस्त. वीस वर्षांच्या पोरीनं सांगायचं कोणाला, आणि कोणत्या शब्दांत? तिनं दात आवळले, मुठी आवळल्या, पायाचे अंगठेसुद्धा आवळले. कपाळावर घाम आला, चेहरा पांढराफटक पडला. सासूनं ते बघितलं आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अवं माय, सुनेले गाडी लागली वाट्टे!"

शब्द सासूचा होता, पण विमलताईंनी तो दोन्ही हातांनी पकडला. पंजाबरावांनी तर प्रेमापोटी गाडी तिथल्या तिथं उभी केली, भर माळावर, जिथं आडोसा म्हणायला एक बोराटीसुद्धा नव्हती. ड्रायव्हरची बायको ओकते कशी ते बघायला पन्नास डोकी खिडक्यांतून बाहेर आली. विमलताई उतरल्या, वाकल्या, दोनदा खोटंच खोकल्या आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या. गडावर पोचल्यावर देवीच्या आधी त्या कुठं धावल्या, ते सांगायला नको.

तेव्हापासून अडतीस वर्षं त्यांचा एक नेम होता. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. सकाळी चहा नाही. लग्नाच्या मांडवात सरबत पुढं आलं तर "उपवास हाय." पंजाबरावांना वाटायचं, आपली बायको फारच देवभोळी, वार कोणताही असो, गाडीत बसली की हिचा उपवास. इतकं करून दिग्रसचं माहेर, तासाभराचं, तेवढं निभायचं. त्यापलीकडचं जग त्यांना पंजाबरावांच्या तोंडून कळायचं.

आणि ऐकायची मात्र भारी हौस. ड्यूटीवरून आलेल्या नवऱ्याला वाढता वाढता विचारायच्या, घाटात धुकं कुठवर उतरलं होतं, वर्धेच्या पुलावरून पाणी दिसतं की नुसती वाळू, रस्त्याच्या कडेचे पळस फुलले का. पंजाबराव घास थांबवून म्हणायचे, "एवढं इचारून राह्यली, तं येत काहून नाही?"

"मले गाडी लागते."

त्यांना फार काही नको होतं. एकदा खिडकीशी बसून, मनात दुसरी कसलीही काळजी नसताना, सबंध दिवस बाहेर बघायचं होतं.

पंजाबराव रिटायर झाले. घरात बसायची सवय नाही, त्यामुळं दिवाणावर टीव्ही बघतानाही त्यांचा डावा हात गादीवर गिअर शोधायचा. मग मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ सुरू झाले. दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. कोणी नवरा-बायको गाडीतच घर करून देशभर हिंडत होते, त्याचा व्हिडिओ लागला होता. विमलताई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. व्हिडिओतली बाई एकेक दाखवत होती. हा गॅस, हा फ्रिज, हा पलंग. मग तिनं मागचं एक अरुंद दार उघडलं. आत स्वच्छ पांढरा संडास, हात धुवायला नळ, वर हाताएवढी खिडकी.

विमलताईंच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली.

"पाह्य विमल," पंजाबराव म्हणाले, "पलंग हाय. आडवं पडून जाता येते. आडव्या माणसाले गाडी लागत नाही. अशी गाडी केली तं येशीन का?"

विमलताईंचे डोळे अजून त्या अरुंद दारावर होते. "पाहू," त्या म्हणाल्या.

अडतीस वर्षांत "पाहू" पहिल्यांदाच आलं होतं. पंजाबरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सातची यवतमाळ गाडी धरली.

यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला गुलाबसिंग राठोडचं गाड्यांच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप. शाळेच्या व्हॅना, फिरत्या दवाखान्याच्या गाड्या, आइस्क्रीमच्या गाड्या, सगळं तो बांधायचा. पंजाबरावांनी रिटायरमेंटच्या पैशातून दिग्रसच्या एका वरातवाल्याची जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली आणि त्याच्या दारात नेऊन उभी केली. आरटीओच्या कागदांचंही गुलाबसिंगनंच बघायचं ठरलं.

"भाऊ, तुम्ही काही नवं नाही करून राह्यले," तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला. "आमचा तांडा घर संगं घेऊनच फिरत होता, बैलगाडीत. माह्या आज्याच्या गाडीत चूल होती, खाट होती, कोंबड्याबी होत्या. फक्त स्पीड कमी होता."

त्याला पलंगाची लांबी हवी होती. "वैनीची उंची किती?" त्यानं विचारलं. पंजाबरावांना यवतमाळ ते पुसद दरम्यानचे सगळे थांबे तोंडपाठ होते, पण बायकोची उंची? ते घरी आले. दुपारची वेळ, विमलताई चटईवर कलंडल्या होत्या. त्यांना कशाला उठवा म्हणून पंजाबरावांनी सुतळी आणली, एक टोक त्यांच्या डोक्याशी दाबलं, दुसरं हळूहळू टाचेपर्यंत नेलं, आणि नेमका तेव्हाच विमलताईंनी डोळा उघडला.

"अवो! जित्या माणसाले कायले मोजून राह्यले?"

"पलंगासाठी वं, पलंगासाठी!"

"कोणता पलंग? चार जण उचलतात तो?"

ही गोष्ट विमलताईंनी गल्लीतल्या प्रत्येकीला सांगितली. सांगताना पोट धरून हसल्या. आणि बाजाराच्या दिवशी एक निळा प्लास्टिकचा मग घेऊन आल्या, तो लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला, कोणाला दिसू नये असा. नवरा पलंगाच्या नादात होता, बायको त्या दाराच्या. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

डिसेंबरात गाडी तयार झाली. पंजाबरावांनी गावाच्या ग्रुपवर स्वतःचा आवाज भरून पाठवला, "राम राम मंडळी. येत्या बुधवारी सकाळी दहाले आमच्या घरी मोटर होम हाय. सगळ्यायनं यावं."

आता "होम" ऐकल्यावर बोरीतल्या माणसानं काय समजायचं? गावात वास्तूचा होम होतो, शांतीचा होम होतो. पंजाबरावांनी मोटार घेतली, तीही जुनी, वरातीत नाचलेली. कोणाकोणाची नजर लागली असेल. तेव्हा मोटारीचा होम. अगदी सरळ गोष्ट. आणि होम म्हटला की जेवण आलंच.

पंजाबरावांची धाकटी बहीण कांताबाई राजूरला राहते. तिचा नवरा तिथल्या कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेला. तिनं तर भावाला न विचारता दारव्ह्याच्या महाराजांना परस्पर फोन केला. "दादाचं असंच असते," ती महाराजांना म्हणाली, "होम ठेवला असंन न् भटजीले सांगाचं इसरला असंन."

बुधवारी सकाळी आठला गुलाबसिंग स्वतः गाडी घेऊन आला. पांढरीशुभ्र, बाजूनं निळा पट्टा. पंजाबरावांनी विमलताईंचा हात धरून त्यांना वर चढवलं. पलंग अगदी त्यांच्या मापाचा. गॅस, भांडी घासायचं सिंक, घडीचं टेबल, फुलाफुलांचे पडदे. आणि खिडकी तर केवढी! बसल्या जागेवरून अर्धा जिल्हा दिसेल. विमलताईंनी हे सगळं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि मागच्या अरुंद दाराशी गेल्या. दार उघडलं.

आत देवघर होतं.

खाली संगमरवरी फरशी, मागं आरसा, वर लुकलुकणारे दिवे.

"बटन दाबलं का आरती लागते," मागून पंजाबराव म्हणाले. "हा गुलाबसिंग इथं संडास काढून राह्यला होता. म्या म्हटलं, भलतंच काय सांगतं? रांधाच्या जागेले लागून संडास? माही विमल पाय नाही ठेवणार गाडीत. घर बांधलं तवा मिस्त्रीसंगं किती भांडली होती तू, आठवते न्? आंगणाच्या पार त्या टोकाले नेला तुह्यासाठी."

आठवत होतं. "मी इथं फोडणी देऊ का नाक धरू?" असं त्यांनी मिस्त्रीला खडसावलं होतं आणि ते चार घरांनी ऐकलं होतं. आता कोणत्या तोंडानं बोलणार?

"कशी वाटली?" पंजाबरावांचा चेहरा असा फुललेला, की त्याच्यावर पाणी ओतायचं कसं?

"पलंग चांगला हाय," विमलताई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

दहा वाजायच्या आत आंगण भरलं. बायका नारळ, हळदकुंकू घेऊन आल्या, पुरुष नुसते हात घेऊन. राजूरहून दोन गाड्या बदलून, साडेचार तासांनी कांताबाई पोचली. पिशवी भावाच्या अंगावर टाकली, "आली आली" म्हणत घरातून धावत गेली ती थेट आंगणाच्या त्या टोकाला. परत आली आणि उभ्यानंच दोन तांबे पाणी प्यायली.

विमलताई बघत होत्या. "कांताबाई, गाडीत पाणी नाही पेल्या?"

"उपवास होता माहा," कांताबाई म्हणाली आणि भलतीकडंच बघायला लागली.

बुधवारचा उपवास. विमलताईंनी असले उपवास अडतीस वर्षं केले होते. त्यांनी तिसरा तांब्या भरून तिच्यापुढं ठेवला.

तेवढ्यात मोटरसायकलवरून महाराज उतरले. हातात तांब्याचं होमकुंड, काखेत समिधांचा जुडगा. "कुठं आहे होम?" त्यांनी विचारलं.

"हा काय," पंजाबरावांनी गाडीकडं हात केला.

"गाडीत?"

"गाडीच."

महाराजांनी समिधा सावरत पायरीवर पाय ठेवला आणि गुलाबसिंग दोन्ही हात पसरून आडवा झाला. "महाराज! आत गॅसची टाकी हाय! गावासकट वर जाऊन राह्यलो आपण!"

मग खुलासा झाला. हा होम म्हणजे घर, इंग्रजीतला. मोटरीत घर, म्हणून मोटर होम. आंगणात खसखस पिकली, मग मागून कोणाचा तरी काळजीचा आवाज आला, "मंग जेवण?"

"जेवण हाय," विमलताई ठामपणे म्हणाल्या. दारातून पाहुणा उपाशी पाठवायची पद्धत त्या घरात नव्हती. त्यांनी दोघींना आलू-वांगी चिरायला बसवलं, एकीला कणीक दिली, आणि इकडं महाराजांनी कुंड खाली ठेवलं तरी हार मानली नव्हती.

"घर तर घर. मग ही वास्तू झाली," ते म्हणाले. "वास्तूचं दार पूर्वेला पाहिजे."

"फिरवतो न्," म्हणत पंजाबराव स्टेअरिंगवर चढले. आंगणासमोरच्या बोळात त्यांनी गाडी पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली. अर्धं गाव "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" करत मागं. महाराज सूर्याकडं बघून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होते. एका कोंबडीच्या डालग्याला धक्का लागला, पण दार पूर्वेला आलं.

"पहिल्या वळणालेच दार भलतीकडं जाईन, महाराज," गुलाबसिंग म्हणाला.

"मुहूर्तापुरतं पुरे," महाराज म्हणाले. "आता देव बसवून घेऊ. वहिनी, आणा देव."

विमलताईंनी घरातून ताम्हणात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आणले. आंगण पार करताना त्यांच्या लक्षात आलं, की ही पायरी चढून देव एकदा त्या फरशीवर बसले की ती जागा देवाची. तिथं मग जन्मात दुसरं काही व्हायचं नाही. पंजाबराव गाडी घेऊन बायकोला हाका मारत राहतील, आणि बायको उपवास करत राहील. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि त्या तिथंच थांबल्या.

"चढा न् वैनी," मागून कांताबाई म्हणाली.

"मी नाही बसवत देव."

"काहून?"

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून तेच निघालं. "गाडी लागते."

"देवांना?" महाराजांनी विचारलं.

आंगणात हशा पिकला. "अन् तेबी उभ्या गाडीत!" कोणीतरी भर घातली. फक्त पंजाबराव हसले नाहीत. ते स्टेअरिंगवरून उतरून बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"विमल, आता आणखी काय करू मी?" ते हळू म्हणाले. "पलंग केला. गाद्या जाड केल्या. स्प्रिंगा बदलून आणल्या. अडतीस वर्षं तू गाडीत असली का ब्रेकवर नुसता अंगठा ठेवला. तरी माह्या गाडीत तुले लागतेच?"

डेपोतल्यांची थट्टा विमलताईंनी ऐकली होती. हे मात्र त्यांना ऐकवेना.

"नाही लागत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाडी. मले कधीच लागली नाही. त्या माहूरलेबी नाही."

पंजाबराव एक पाऊल जवळ आले. "मंग?"

विमलताईंनी ताम्हणातल्या बाळकृष्णाकडं बघितलं, जणू त्याचीच परवानगी काढली, आणि खाली मान घालून पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, "त्या दारामागं मले देव नको. संडास पाहिजे."

पुरुषमंडळींना एकाएकी फार कामं आठवली. कोणी मोबाईल काढला, कोणी कडुलिंबाच्या शेंड्यावर काय आहे ते बघायला लागलं. महाराजांनी समिधा सोडून पुन्हा बांधल्या. आणि मग कांताबाईचा आवाज फुटला.

"बराबर बोलली वैनी! शंभर टक्के बराबर! राजूरपासून साडेचार तास, न् कालच्या सांजेपासून घोट नाही घेतला म्या. बुधवारचा कोणता उपवास असते वं, बुधवारचा?"

बांध फुटावा तसं झालं. आलू चिरणारी म्हणाली, दारव्ह्यालासुद्धा जायचं असलं तर आपला चहा बंद असतो. कणीक मळणारी म्हणाली, "मी पोराकडं पुण्याले गेलती. रातभर दात खाऊन बसली. सुनेले वाटलं सासू रुसून आली." त्यावर बायका इतक्या हसल्या की दोघींना डोळे पुसावे लागले. ज्याच्यावर कधी कोणी बोललं नाही, त्याच्यावर आंगणातली प्रत्येक बाई एकदम बोलत होती.

पंजाबराव पायरीवर बसले होते. त्यांनी काही हिशोब जुळवल्यासारखा चेहरा केला. मग मान वर करून विचारलं, "म्हणजे… माह्या ड्रायव्हिंगनं नाही?"

"तुमच्या गाडीत पेल्यातलं पाणी डुचमळत नाही, हे साऱ्या जिल्ह्याले ठाऊक हाय," विमलताई म्हणाल्या. "डुचमळत होतं ते दुसरंच."

पंजाबराव असे हसले की टोपी खाली पडली. ती उचलून झटकत ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलले, "आरशात दिसत होत्या वं मले सगळ्या. रोज. चूप बसलेल्या. मी म्हणो, आपल्या गाडीत बायका किती शांत असतात."

"अवं, मले काहून नाही सांगितलं?" हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण आंगणातल्या गलक्याकडं बघून त्यांनी ते गिळलं.

गुलाबसिंग मात्र अगदी निवांत होता. "भाऊ, फरशी नुसती ठेवली हाय, सिमेंट नाही लावलं," तो म्हणाला. "खालून पाइपाचं तोंडबी काढून ठेवलं हाय, टोपण लावून. आतापर्यंत अशा तीन गाड्या बनवल्या म्या. तिन्हीत मालक म्हणे संडास नको, न् तिन्ही गाड्या मालकीणबाई परत घेऊन आल्या."

"मंग आधीच काहून नाही बोलला?"

"बाईच्या तोंडून आल्याशिवाय मालक ऐकत नाही. तीन डाव सांगून पाह्यलं म्या."

राहिला देवांचा प्रश्न. तो महाराजांनी सोडवला. देव ड्रायव्हरच्या पुढ्यात, काचेजवळ बसवावेत. एसटीतही पंजाबरावांच्या देवांना तिथं बसून रस्ता बघायची सवय होतीच. विमलताईंनी स्वतः चढून बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पुढं बसवली, नारळ फुटला, आणि पंगत बसली. आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, वरण-भात. गाडी संध्याकाळी गुलाबसिंगबरोबर यवतमाळला परत गेली. जाताना पंजाबरावांनी त्याला चार गोष्टी जास्तीच्या सांगितल्या: आतून घट्ट कडी, वर पंखा, हात धुवायला मोठा नळ आणि पाण्याची टाकी दुप्पट. विमलताईंनी पेटीतून निळा मग काढला आणि सगळ्यांदेखत गुलाबसिंगच्या हातात दिला. पंजाबराव मगाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अन् याले एक खुंटीबी लाव."

कांताबाई एसटीनं परत जायला तयारच होईना. "मी त्याच गाडीत जाईन," म्हणून भावाकडं दहा दिवस ठिय्या देऊन बसली. त्यामुळं गाडी आल्यावर पहिली सफर कुठं हा प्रश्न उरला नाही. राजूर.

निघायच्या दिवशी विमलताईंनी आधी एक कप चहा घेतला. मग आणखी एक घेतला. मग कांताबाईबरोबर तिसरा अर्धा. यवतमाळ मागं पडलं आणि त्या मोठ्या खिडकीशी बसल्या. दोन्ही बाजूंना कपाशी फुटून पांढरी झाली होती, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे, लांबवर सागाचं रान. पंजाबराव पुढून सांगत होते, ही अमकी नदी, हे तमकं गाव. विमलताई ऐकत नव्हत्या. त्या बघत होत्या. मधे एकदा उठून, धावत्या गाडीत कठड्याला धरत त्या अरुंद दारामागं जाऊन आल्या आणि पुन्हा खिडकीशी बसल्या, अगदी घरातल्या घरात इकडून तिकडं गेल्यासारख्या. कांताबाई दोनदा जाऊन आली. दुसऱ्यांदा गरज नव्हती, नुसती हौस म्हणून.

मारेगावच्या अलीकडं एका कडुलिंबाखाली त्यांनी जेवायला गाडी उभी केली. शेजारच्या शेतात वेचणी चालली होती. कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या दोघी-तिघी बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय हाय वं बाई? फिरता दवाखाना?" त्यातल्या एकीनं विचारलं.

"घर हाय," विमलताई म्हणाल्या.

"गाडीत?" तिनं आत डोकावून बघितलं. गॅस बघितला, पलंग बघितला. मग मागच्या दाराकडं बोट करून आवाज बारीक केला. "अन् ते?"

विमलताईंनी तिच्याकडं बघितलं. सकाळी सातपासून शेतात असणार. पुढं नुसती उभी कपाशी, गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. त्यांनी पोळी ताटात ठेवली, उठल्या आणि दार उघडून दिलं. "जाय. कडी आतून हाय."

ती ओटी सोडून कापूस खाली ठेवून आत गेली. बाहेर आली ती हसत. मग दुसरी गेली. मग शेतातून हाका गेल्या, आणि कपाशीच्या ओळींमधून एकेक डोकं या बाजूला वळायला लागलं. लिंबाखाली कापसाचे लहान लहान ढीग जमले, जिचा तिचा वेगळा. कांताबाई दाराशी उभी राहून नंबर लावत होती आणि कोणी घुसायला लागली की दटावत होती. शेताचा मालक हाक मारायला म्हणून आला, प्रकार बघितला, आणि गाडीकडं पाठ करून पंजाबरावांशी कापसाच्या भावाचं बोलत उभा राहिला.

थोड्या वेळानं पंजाबरावांनी पाण्याच्या टाकीचा काटा बघितला. "विमल, असं थांबत गेलो तं राजूर उद्या येईन."

"मंग उद्या येईन," विमलताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात बादली दिली. "ते तिकडं हापशी हाय."

पंजाबराव हापशीवर गेले. चौथ्या बादलीला त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि गाडीकडं बघितलं. अजून सहा जणी उभ्या होत्या, आणि पलीकडच्या शेतातून आणखी दोघी घाईघाईनं येत होत्या.